परीक्षक क्रमांक दोन

मे महिन्यातलं भुसावळ.
कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतून
मी बसते टेबलाशी.
सतरा प्रस्ताव आलेत. नावं पुसलेली,
संस्था पुसलेल्या, गावंही.
उरलाय क्रमांक, आणि पैसे किती हवेत ते.

निकष पाच.
नावीन्य. पद्धत. व्यवहार्यता.
अर्जदाराची पात्रता, जी मला कळू नये अशी सोय केलीय,
तरी गुण द्यायचेच.
आणि पाचवा: समाजाला होणारा लाभ,
शब्दमर्यादा दीडशे.

सोळा जणांनी दीडशेच्या दीडशे वापरलेत.
उत्पन्न दुप्पट, आजार निम्मे,
तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत देश स्वयंपूर्ण.
मी हसत नाही.
मीही हेच लिहीत आले बावीस वर्षं,
त्यातूनच सेंट्रिफ्यूज आलं
आणि चार पोरं पीएचडी झाली.

क्रमांक एकेचाळीस.
उनपदेवच्या कुंडातला एक जीव, अजून बारसं न झालेला,
तेवढ्या ऊन पाण्यात मरत का नाही,
एवढंच विचारायचंय.
(गाव पुसायचं राहिलं;
पुसलं असतं तर प्रश्नच पुसला गेला असता.)
चार वर्षं. अडतीस लाख.
लाभाच्या चौकटीत तीन शब्द:
सध्या माहीत नाही.
खाली एकशे सत्तेचाळीस शब्दांची
कोरी जागा.

परीक्षकाने जागेवर जावं असा नियम नाही.
जाऊ नये असाही नाही.
यावलवरून चोपड्याची एसटी धरली,
अडावदला उतरून रिक्षा.
सातपुडा भाजल्या वांग्यासारखा.
कुंडाशी एक बाई पोराचं डोकं चोळत होती.
साबण डोळ्यात गेलेला, तरी रडणं थांबवून तो म्हणाला,
"माय, पानी इतलं उनं काबर शे?"
"देवनं शे," ती म्हणाली, आणि तांब्या ओतला.
मी हात बुडवला, झटकन काढला.
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेली बाई
लाल झालेली बोटं बघत बसली.
पोराला सांगण्यासारखं
तिच्याकडेही तीनच शब्द होते.

बैठक ऑनलाइन.
अध्यक्ष म्हणाले, जोखीम फार आहे.
पहिल्याचे सहा: फलनिष्पत्ती अस्पष्ट.
तिसऱ्याचे आठ, कारण त्याचे सगळ्यांनाच आठ.
माझे दहा.
मी म्हटलं, उत्तर आधीच ठाऊक असेल
तर आपण पैसे देतो ते शोधाचे की झेरॉक्सचे...
आणि लाईट गेली.
खिडकीतून दीपनगरची धुराडी दिसतात,
वीज तिथे तयार होते,
तरी गेली.
पुन्हा जोडले गेले तेव्हा बेचाळीस सुरू होता.

सरासरी आठ. रेषा आठ पूर्णांक दोन.

मंजूर झालेल्यांचे अहवाल येतात,
विनियोग प्रमाणपत्रं येतात सही-शिक्क्याची,
फीत कापतानाचे फोटोसुद्धा.
नामंजुरांचं पुढे काय झालं
याला रकाना नाही.
मीच एकदा चार गुण दिले होते,
केळीच्या खोडातल्या बुरशीवर कोणीतरी लिहिलं होतं,
"पद्धत कच्ची" असा शेरा, दुपारची घाई.
कोण होतं ते? आता जळगावला विमा विकत असेल.
माझी पॉलिसीही
कदाचित तिनेच काढली असेल.

शेऱ्याला आठशे अक्षरं मिळतात.
सही करता येत नाही, नंबर देता येत नाही,
कुंडाशी जाऊन आले हेही लिहिता येत नाही.
रात्री साडेदहाला, गरम वाऱ्यात, टाइप केलं:
पुढच्या फेरीत पुन्हा पाठवा.
पद्धतीत दुसऱ्या कुंडाचं पाणी तुलनेला घ्या.
उन्हाळ्यातले नमुने पहाटे भरा.
आणि पाचव्या चौकटीत
कोणी कितीही सांगितलं तरी
एक शब्द वाढवू नका.

मग तेवढी शेवटची ओळ खोडली.
मग परत लिहिली.